वच्छीले हासवाची मशीन

मी सांगते त्यातला एक शब्द तरी खरा मानून दाखवा! नाई मानणार. माह्या सुनेचाच इस्वास नाई माह्यावर. "नळाले पाणी आलं" म्हटलं तरी आंधी तोटी खोलून पाह्यते.

किस्से कोणी जमवत नाई बाप्पा, ते साचतात. घरोघरी बंद पडलेले मोबाईल कसे साचतात? चालत नाई, फेकवत नाई, अन् डब्बा भरत जाते. माह्या डब्ब्यातले अर्धे किस्से माह्या धाकट्या जावेचे, वच्छीचे. करडीच्या तलावात मासोळ्या धरणाऱ्या दोघा भावाईच्या आम्ही बायका. जिंदगीभर एकमेकीच्या खोड्या काढल्या. वच्छी हासली का माहा मालक डोंग्यातून वरडे, "अवो हळू! मासोळ्या पळून राहिल्या!"

मंग तिले लकवा मारला. उजवं आंग गेलं, बोली गेली, अन् त्याच्यासंग हासणं बी गेलं. तिचा पोट्टा दिवाकर नागपूरले बँकेत हाये. म्हणला, "मोठीमाय, आईले तिकडे नेतो. दवाखाना जवळ पडते." बरोबरच म्हणला. गाडी आणाले त्याले थोडे दिवस लागणार होते. म्या ठरवलं, जायच्या आंधी हिचं हासणं एकडाव आयकाचंच!

*

नातीच्या मोबाईलमंदी पाह्यलं होतं. दात घासाच्या ब्रशचं मुंडकं झुरळावाणी पळून राहिलं होतं! बंद मोबाईलची थरथरणारी मोटर बसवली होती त्याच्यावर.

म्या डब्बा उचलला अन् वरठीले मोबाईलवाल्याकडे गेली. एक मोबाईल त्याच्यापुढे ठेवला.

"आजी, रिपेर करू का?"

"नाई रे. मेलेल्याले कायले उठवतं? त्याची थरथर तेवढी काढून दे."

त्यानं चिमट्यानं चण्याएवढी मोटर काढली. तिच्या दांडीवर लोखंडाचा अर्धाच चांद. "वजन एकाच बाजूले हाये आजी. म्हणून फिरली का सारं आंग हालते."

"समजलं. बाजारातून पिऊन येणाऱ्यावाणी!"

"नातवाच्या शाळेसाठी का?"

"नाई, जावेले भेव दाखवाले पाह्यजे."

तो पोट्टा असा हासला! म्या मनात म्हटलं, तुह्यावालं हासणं फुकट भेटलं, मले दुसरंच पाह्यजे.

*

पह्यली मशीन बाटलीच्या झाकणाची. वर मोटर चिपकवली, नातीच्या खेळण्यातला गोल सेल लावला. वरून चिकटपट्टी दाबून तार सेलाले टेकवली का सुरू, पट्टी काढली का बंद. अन् पाय कायचे? आमच्या घरी असते काय दुसरं! जाळ्याचा नायलॉन दोरा तोडून लावला.

तो दोरा जिंदगीभर रिळावर गुंडाळलेला. सारे पाय एकाच बाजूले वाकडे! मशीन पुढे जाईचना, जागच्या जागी गोल गोल फिरे.

माह्या मालकानं वाकून पाह्यलं. "एकाच जागी फिरते अन् गुरगुरते. तुह्यावर गेली ही!"

दारापुढच्या परछीत बसलेले सारे हासले. वच्छीनं नुसते डोळे मिटले.

*

मंग ब्रशच पाह्यजे होता. घरात चांगला ब्रश एकच, दिवाकरचा. तो सुट्टी काढून आला होता, गाडी अजून याची होती. म्या ब्रशचं मुंडकं उडवलं.

सकाळी साहेब टावेल खांद्यावर टाकून, हातात नुसती दांडी घेऊन उभे. "मोठीमाय, याचं डोस्कं कोठी गेलं?"

"उंदरानं नेलं असन."

तेवढ्यात त्याच्या पायातून ब्रश घुर्रर्र करत पळाला! बँकेचा साहेब एका उडीत खाटेवर! "मोठीमाय, मार त्याले! मार!"

म्या वच्छीकडे पाह्यलं. तिच्या ओठाची एक बाजू हालली. तोंड उघडू लागलं. आलं, आलं, मले वाटलं...

जांभई होती!

*

शेजारची पार्बता रोज येऊन वच्छीपाशी रडे. "कशी होती वो, अन् कशी झाली!" तिचं रडणं आयकून चांगला माणूस बी बिमार पडन.

एक दिवस ती रडता रडता सुपात तांदूळ निवडत होती. म्या हळूच मशीन सुपात सरकवली. तांदळाचे दाणे लागले नाचाले! "अवो माय, तांदूळ उठले!" म्हणत पार्बता जे पळाली, थे चप्पल न्याले बी आली नाई.

वच्छीनं डाव्या हातानं माह्या मांडीले असा चिमटा काढला का मी वरडली. हात चाले तिचा डावा, खोडीत बी चाले. पर हासली नाई.

"अवो, हासाची कंजूसी काहून करतं?" म्हटलं म्या.

तिनं तलावाकडे तोंड फिरवलं. डोळे भरून आले होते. म्या पट्टी काढली अन् मशीन बंद केली. त्या दिवशी मंग कोणाची खोडी काढली नाई.

*

ती नागपूरले गेली तो दिवस म्या मुद्दाम मागे ठेवला हाये. त्याच्या आंधी त्यानंतरचा सांगून टाकते.

नागपूरले फोन लावला. वच्छीले बोलता येत नाई, मंग मीच किती बोलू? दिवाकरले म्हटलं, "आईच्या कानाले लाव." अन् इकडून मशीन सुरू करून फोनपाशी धरली. घुर्रर्र!

तिकडून दिवाकर, "मोठीमाय, नेटवर्क खराब हाये. नुसती घरघर येते. ठेवतो!"

दिवाळीले आणतो म्हणला होता तिले. दिवाळीच्या आंधीच गेली वच्छी.

*

अन् हा जायच्या दिवसाचा.

गाडी दारात. वच्छीले मागच्या सीटवर बसवलं. तिनं डाव्या हातानं मशीनकडे बोट केलं. म्या तिच्या मांडीवर ठेवली. "ने माय, तिकडच्या डॉक्टरले भेव दाखव."

मंग मी दारातून आत वाकली, तिच्या गळ्यात पडली. तिनं डावा हात माह्या मानेवरून फिरवला. लगीत येळ फिरवला. मले रडू आलं. मी सरळ झाली, ब्लाउज पाठीले ताणला, दिवाकरनं दार लावलं.

अन् माह्या पाठीत घुर्रर्र!

"इच्चू! इच्चू!" ब्लाउजात हात पुरेना, पदर रस्त्यावर, मी आपली उड्या मारून राहिली. सारी गल्ली जमा! माहा मालक काठी घेऊन धावला, "कोठी हाये? कोठी?"

म्या गाडीकडे पाह्यलं. वच्छीनं मान मांगं टाकली होती. तोंड उघडं, अर्धं वाकडं. खांदे गदगद हालून राहिले होते.

"दिवाकर! काच खोल रे! काच खोल!"

गाडी सुरू झाली होती. काच बंदच होती.

जा आता. माह्या तोंडाकडे काय पाहून राहिले? उठा, जा आपापल्या घरी!