आईच्या घरी रॉटवायलर

नायगावची चाळ पाडून टॉवर झाला, आई बाविसाव्या मजल्यावर राहायला गेली, पण दार लावून घ्यायचं काही तिने मनावर घेतलं नाही. चाळीत दिवसा दार बंद दिसलं की लोक समजायचे, घरात आजारपण आहे नाहीतर भांडण. ती धास्ती सामानाबरोबर वर आली. दार उघडं टाकून आई हॉलमध्ये भाजी निवडत बसायची. मजल्यावरची बाकी सगळी दारं बंद.

मग व्हायचं तेच झालं. पाण्याचे फिल्टर विकणारा एक अनोळखी माणूस सरळ आत येऊन बसला. आईने त्याला चहा दिला, गाव विचारलं, आणि तो कणकवलीकडचा निघाल्यावर घावणेही वाढले. घरातलं काही गेलं नाही. पण बंगळुरूला राहणाऱ्या माझ्या भावाला हे कळलं आणि त्याने फोनवरच निकाल दिला, आईकडे राखणीला कुत्रा हवा. तोही साधासुधा नाही, रॉटवायलर. लांबून काळजी करणाऱ्यांना उपाय भराभर सुचतात. निस्तरायला मी आहेच.

एरवी मी त्याला चांगलं झापलं असतं. या वेळी नुसतं ‘बघते’ म्हटलं. बाबा गेल्यापासून चार वर्षं, ऑफिस सुटलं की मी रोज नायगावला उतरते. आईच्या गोळ्या बघते, दोन भाकऱ्या टाकते, तासभर तिचं ऐकते, मग वडाळ्याला माझ्या घरी जाऊन दुसरा स्वयंपाक. मी थकले होते. त्यामुळे भावाची ती भन्नाट कल्पना मला शहाणपणाची वाटायला लागली. आईला सोबत होईल, असं मी नवऱ्याला सांगितलं. त्याने पेपरातून डोकंसुद्धा वर काढलं नाही.

पिल्लं देणारी बाई भलतीच चौकस निघाली. घर बघितल्याशिवाय पिल्लू देत नाही म्हणाली आणि रविवारी दोन महिन्यांचं एक पिल्लू घेऊनच आली. काळं कुळकुळीत, भुवयांच्या जागी तपकिरी ठिपके आणि पंजे केवढाले! आईच्या पायावर डोकं ठेवून ते झोपून गेलं. आई पाय हलवेना.

“आजी, हा वर्षभरात तुमच्यापेक्षा जड होईल,” बाई म्हणाल्या. “दिवसातून दोनदा खाली न्यावं लागेल. लिफ्टमधून, लहान मुलांमधून. ओढायला लागला तर धरणार कोण?”

एवढ्यात चाळीतली जुनी शेजारीण, आता शेजारच्या विंगमध्ये राहते, वाटीत सोलकढी घेऊन बेलबिल न वाजवता आत आली. पिल्लू जागं झालं आणि तिच्या पायांशी धावलं. बाईंनी ते उचलून घेतलं. “आत्ता ठीक आहे. पण ही राखणीची जात आहे. माणसांची सवय लावायला, शिकवायला रोज कोणीतरी हवं. नाहीतर उद्या हा यांना आत येऊ देणार नाही.” मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, “तुम्ही इथेच राहता?”

“नाही. मी संध्याकाळी येते. हा आला की रोज यायची गरज नाही पडणार.”

बोलून गेले. शेजारणीने वाटी टेबलावर ठेवली आणि गॅसवर दूध आहे म्हणत निघून गेली. बाईंनी पिल्लू शालीत गुंडाळलं, हे घर त्याच्यासाठी नाही असं स्पष्ट सांगितलं, आणि त्याही गेल्या. मला त्यांचा राग आला. खरं तर त्यांनी काहीच वावगं केलं नव्हतं.

आई बराच वेळ साडीवरचे काळे केस वेचत राहिली. मग म्हणाली, “तुका येवक जमणा नसात तर तसा सांग गो. त्या मुक्या जनावराक कित्याक मधी घालतंस?”

मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर बाबांचं नाव काढेल. तसं काही केलं असतं तर मला भांडता आलं असतं.

“दमलंय गो आये,” मी म्हटलं. इतक्या वर्षांत तिला हे पहिल्यांदाच सांगत होते.

“दिसता माका. उद्या येव नको. घराक जा नि नीज.”

दुसऱ्या दिवशी मी खरंच गेले नाही. नायगावच्या स्टॉपवर बस थांबली तेव्हा मोबाईलमध्ये डोकं घालून बसून राहिले. घरी खिचडी टाकली, नऊला आडवी झाले. कित्येक महिन्यांत लागली नव्हती अशी गाढ झोप लागली. सकाळी आईने फोनवर विचारलं, झोप लागली का. मी म्हटलं, “नाही गो, तुझीच काळजी.”