एका बटणावर सगळ्या शाळा

आमचं काम सोपं करून सांगायचं तर असं. एका शिक्षणसंस्थेच्या जिल्हाभर शाळा, प्रत्येक शाळेच्या ऑफिसात एक कॉम्प्युटर आणि ते सगळे रत्नागिरीतल्या मुख्य कार्यालयाशी जोडलेले. हजेरी, निकाल, पोषण आहार ही सगळी माहिती एका जागी साठायची आणि शाळेतल्या क्लार्कला त्यातून हवा तो रिपोर्ट छापून मिळायचा. रिपोर्ट मी तयार करायची. ते शाळाशाळांतून बसवायचं काम माझ्या ऑफिसातल्या सहकाऱ्याचं. म्हणजे कागदोपत्री त्याचं. प्रत्यक्षात आम्ही दोघं त्याच्या मोटरसायकलवरून गावोगाव हिंडायचो, कारण एका शाळेतलं मशीन दुसऱ्या शाळेतल्यासारखं कधी नसायचंच. कुठे मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन छापून यायचे, कुठे प्रिंटर अर्धं पान गिळून बसायचा. हेडमास्तर मग माझ्याकडे असे बघायचे, जणू तो प्रिंटर मीच घरून आणलाय.

मला राग चटकन येतो. त्याला यायचाच नाही. मी हेडमास्तरांना टाकून बोलले की तो मागाहून त्यांच्याशी आंब्याच्या मोहराबद्दल दहा वाक्यं बोलायचा आणि प्रकरण मिटवायचा. याचाही मला राग यायचा.

शाळेतल्या मशीनवर नवं काही बसवलं की नारळ फुटणारच. शिपाईमामा नारळ घेऊन तयार असायचे, फोडायच्या आधी देवाला गाऱ्हाणं घालायचे, आणि ऑफिसातले सगळे हात जोडून ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे. मीही म्हणायची. त्याच्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून त्यांच्या घरात देव नाहीत, त्यामुळे तो त्या वेळेला बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहायचा. तोंड वाकडं न करता. “तुमचं आटपलं की हाक मार,” एवढंच म्हणायचा.

पुढे आमच्या साहेबांना पेट्रोलचं बिल खुपायला लागलं आणि त्यांनी फर्मान काढलं, की हे हिंडणं पुरे. सगळे रिपोर्ट, अक्षरांचे फॉन्ट, प्रिंटरची सेटिंग हे सगळं एका पॅकेजमध्ये बांधायचं आणि मुख्य कार्यालयातून एका बटणावर सगळ्या शाळांना पाठवायचं. पॅकेज तिकडे पोचलं की आपलं आपण उघडणार, आपल्या जागी बसणार, आणि इकडे आमच्या स्क्रीनवर त्या शाळेच्या नावापुढे हिरवा ठिपका लागणार. नाही बसलं तर लाल. पण जिल्हाभर सोडण्याआधी एका शाळेत ते समोर उभं राहून तपासणं भाग होतं. त्यासाठी आम्ही आरे-वारेच्या पलीकडची एक शाळा निवडली.

पॅकेज नीट बसत आलं. नारळ आला. तो मात्र त्या वेळी टेबलाखाली शिरून नेटवर्कची केबल बोटांनी दाबून धरून बसला होता. ती सोडली असती तर सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं. त्यामुळे त्याला बाहेर जाता आलं नाही. शिपाईमामांनी आवाज लावला, “बा देवा म्हाराजा, आज आमच्या हापिसातल्या मशिनीत ह्या दोगा नवराबायकोनी नवा काम घातलानी हाय, त्येला यश दे. आनी त्येंच्या संसाराला कुनाची नजर लागली असंल ती उतरव रे म्हाराजा.”

दोन वर्षं एका गाडीवरून येणारी-जाणारी बाई आणि बाप्या बघून त्या बिचाऱ्यांनी दुसरं काय समजायचं? मी कानापर्यंत लाल झाले. सगळ्यांबरोबर मीही म्हणाले, “व्हय म्हाराजा.” आणि सगळ्यांचं म्हणून झाल्यावर टेबलाखालून एकट्याचा आवाज आला, “व्हय म्हाराजा.”

परत येताना त्याने आरे-वारेच्या चढावर गाडी थांबवली. खाली दोन्ही किनारे दिसत होते, पर्यटक फोटो काढत होते. तो म्हणाला, “देवाबिवाचं सोड. पण मी बोललेलं फिरवत नाही. हे पॅकेज जिल्हाभर गेलं की तुझ्या बाबांना विचारायला येतो.” मी म्हटलं, “आधी मला विचार.” तो म्हणाला, “तू केव्हाच हो म्हणालीस, माझ्याआधी.” ते खरंच होतं. मी इतकी हसले की फोटो काढणारे वळून बघायला लागले.

आई गेल्यापासून पालीजवळच्या आमच्या घरात मी आणि बाबा दोघंच. बाबा निवृत्त शिक्षक. समतेवरचं त्यांचं भाषण तालुक्यात वाखाणलं जायचं. या मुलावर त्यांचा जीव होता. तो मला सोडायला आला की त्याला जेवल्याशिवाय हलू द्यायचे नाहीत, स्वतः उठून त्याच्या ताटात भात वाढायचे. त्यामुळे मला धास्ती नव्हतीच. त्यालाही नसावी, म्हणून तर पॅकेज जिल्हाभर जाईपर्यंत त्याला धीर धरवला नाही. त्याच्या आधीच्या रविवारीच तो इस्त्रीचा शर्ट घालून आला.

बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तुम्ही या घरात कधीही या. पण हे नको. माझ्या भावकीत मला राहायचंय.” तोवर त्यांनी त्याला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं. तो गेल्यावर मी बाबांना नाही नाही ते बोलले, त्यांच्या भाषणासकट सगळं काढलं. ते घरापुढच्या खळ्यात बसून राहिले. आपला शब्द मात्र मागे घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याला सांगितलं, “मी निघायला तयार आहे. तू म्हणशील तेव्हा, म्हणशील तिथे.” तो म्हणाला, “पॅकेज जाऊ दे. मग सांगतो.”

मग तो दिवस आला. मुख्य कार्यालयात भर दुपारी त्याने बटण दाबलं. साहेब मागे उभे होते, संस्थेचे दोन पदाधिकारी खुर्च्या ओढून बसले होते. शाळांच्या नावांपुढे एकेक हिरवा ठिपका लागत गेला. जिथे आम्ही उन्हातान्हात गेलो होतो, चहा प्यालो होतो, भांडलो होतो, त्या शाळा डोळ्यांसमोर भराभर येऊन गेल्या. पदाधिकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब त्यांना घेऊन जेवायला गेले. एकच शाळा लाल राहिली होती, दाभोळची.

माझ्या पिशवीत माझे सगळे दाखले होते आणि दोन जोड कपडे. मी हळूच म्हटलं, “आता दाभोळला जायलाच हवं. निघू या. आणि तिथून परत नको यायला.”

त्याने माझ्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं. मग फोन उचलला आणि दाभोळच्या क्लार्कना अगदी नेहमीच्या गोड आवाजात सांगितलं, “भाऊ, तेवढं मशीन बंद करून परत चालू करता का?” आम्ही दोघंही स्क्रीनकडे बघत बसलो. मी आयुष्यात कशासाठी प्रार्थना केली नसेल इतकी तो ठिपका लाल राहावा म्हणून केली. तो हिरवा झाला.

“मला तुझ्या घरी पुढच्या दाराने यायचं होतं,” तो म्हणाला. “माझ्या घरात तीन पिढ्या मागच्या दाराशी उभ्या राहिल्या. तुला पळवून नेली तर मीही तिथेच उभा राहिलो, असं वाटेल मला. जन्मभर वाटेल.” मी म्हटलं, “आणि माझं काय?” तो रडत होता. मी त्याला पहिल्यांदाच रडताना बघत होते आणि तरी माझा राग जात नव्हता. तो राग अजूनही गेलेला नाही. त्याचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं, त्याचाच जास्त राग येतो.

महिन्याभरात त्याने पुण्याला बदली मागून घेतली. मी इथेच राहिले. आता नवी शाळा जोडली गेली की मी खुर्चीत बसूनच तिला रिपोर्ट पाठवते. ती शाळा कुठल्या वळणावर आहे, तिथल्या व्हरांड्यातून काय दिसतं, मला ठाऊक नसतं. त्याचं लग्न झालं, त्याला मुलगी झाली, हे मला ऑफिसातूनच कळलं. फोटोत मुलगी त्याच्यासारखी शांत दिसते. बाबांना मी यातलं काही सांगितलं नाही. त्या रविवारनंतर आमच्या घरात त्याचा विषयच निघाला नव्हता.

मागच्या उन्हाळ्यात बाबांना छातीत दुखलं, चार दिवस दवाखान्यात काढून आले. घरी आल्यावर एका संध्याकाळी आम्ही पेज जेवत होतो. ताटातलं लोणचं कडेला सारत बाबा म्हणाले, “त्या मुलाला बोलाव एकदा. माझी काही हरकत नाही. भावकीतलं कोण विचारायलासुद्धा आलं नाही गं दवाखान्यात.”

बाबांचा चेहरा एवढा मोकळा मी आई गेल्यापासून पाहिला नव्हता. जन्माचं ओझं खाली ठेवल्यासारखे ते माझ्याकडे बघत होते, मी कधी हसते याची वाट बघत. मी हसले. म्हटलं, “बरं. विचारते त्याला.”

त्या रात्री ते गाढ झोपले. तेव्हापासून दर आठ-पंधरा दिवसांनी विचारतात, “काय म्हणाला गं तो?” मी सांगते, “येतो म्हणालाय. सध्या कामात आहे.”