शनिवारची अंडी

पोलीस भरतीत गोळाफेकीनं मला दोनदा घरी पाठवलं. वयाच्या अटीत बसणारी आता एकच भरती उरली होती. तेव्हा आईनं मारुतीला नवस बोलला, पोरगी भरती होईपर्यंत शनिवार धरील. बोलणार ती, उपाशी मी!

कराडच्या मैदानावर आमचा सगळ्यात कडक सराव नेमका शनिवारी असायचा. पळणं, जोर, वर गोळ्याच्या तीस फेकी. घरी आले की पुढ्यात साबुदाण्याची खिचडी. रविवारी हात वर होत नसे आणि गोळा जिथल्या तिथं पडे.

आमचे सर फौजेतून निवृत्त झालेले. शनिवारचं माझं खाणं ऐकून ते भडकलेच. "अगं, मेहनतीनं अंग झिजतं आन् मग नवं मांस धराय बघतं. तवाच त्याला प्रथिनं लागत्यात. अंडं, दूध, उसळ. साबुदाण्यातनं काय धरणार, कपाळ?"

पुढच्या शनिवारी घरी येताना मी चार अंडी आणली आणि सगळ्यांदेखत उकडायला ठेवली. आईचा चेहरा उतरला.

"नवस मोडलास. आता भरती हुकली तर?"

"हुकली तर दोष माझा. मारुती जन्मल्या जन्मल्या सूर्य गिळाय निघाला हुता, आई. त्याला माझं उपाशी पोट कशाला पायजे?"

आतून भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. पण चारही खाल्ली.

आई भांडली नाही. तिनं माझ्या वाटचा शनिवार स्वतः धरला आणि त्याही दिवशी उसाच्या भांगलणीला जात राहिली.

अडीच-तीन महिन्यांत गोळा रेघेपलीकडं पडायला लागला. भरतीतही पडला. यादीत नाव लागलं तो शनिवारच होता. आई रानातून आली, खुरपं ठेवलं, हात धुतले. बांगड्या पार कोपरापर्यंत घसरत होत्या. मी दंड कमावत होते तेव्हा ही झिजत होती आणि मला दिसलं नव्हतं. स्वतःचाच राग आला.

मी ताटात उसळ आणि दोन अंडी वाढली. "नवस फिटला. आता खा."

"मी काय गोळा फेकाय जाती व्हय?"

"दिवसभर वाकून भांगलतीस, ती मेहनत न्हाई व्हय?"

तिनं ताट पुढं ओढलं. पहिला घास तिच्या पोटात जाईपर्यंत मी समोरून हलले नाही.