टबातला तांबडा पट्टा

राजेहो, आधीच सांगून ठेवतो, हा किस्सा ऐकून तुम्ही मला शहाणा म्हणणार नाही. माझी बायको तर आजही म्हणत नाही, आणि तिला अर्धीच गोष्ट माहीत आहे!

अकोल्यात जठारपेठेतल्या आमच्या घरात एक बाथटब आहे. कुठल्याशा हॉटेलचं जुनं सामान निघालं, तेव्हा बाबांनी हौसेनं आणला. त्यात आजवर कोणी आंघोळ केली असेल तर शपथ. आमच्याकडे नळ येतो त्याच्या मर्जीनं. मग टबात माणूस बसवायचा की पाणी साठवायचं? आई असेपर्यंत सगळं घर त्या टबावर चालायचं.

आई गेल्या वर्षी गेली. मी नोकरीभर बाहेरगावी, जमीन मोजणीच्या खात्यात. निवृत्त होऊन बायकोसह घरी आलो, तेव्हा आई नव्हती आणि बाबांचं बोलणं जवळपास थांबलं होतं. सकाळी उठले की न्हाणीघरात जायचे, टबाच्या आतून बोट फिरवायचे आणि मग चहाला येऊन बसायचे. मला वाटायचं, पाणी किती उरलं ते पाहून राहिले. विचारलं मात्र कधी नाही.

टबाच्या आत चहूबाजूंनी एक तांबडा पट्टा होता. खाऱ्या पाण्याचा गंज आहे, यावर आम्हा नवराबायकोचं एकमत झालं. आमचं एकमत झालं तिथंच मी सावध व्हायला पाहिजे होतं. लेकीच्या बाळंतपणासाठी अमरावतीला निघताना बायको म्हणाली, "आमी बाळाले घेऊन येऊ तवा पोरीच्या सासरचेबी येतीन. तो डाग निघाला पायजे." बाबाही त्याच आठवड्यात माझ्या बहिणीकडे मूर्तिजापूरला गेले. मला रान मोकळं!

लिंबू चोळलं. चिंच चोळली. सोडा टाकला. शेवटी संडासाचं ॲसिड आणलं. खोकून खोकून माझे डोळे लाल झाले आणि पट्टाही होता तसाच लाल. आता तुम्हीच सांगा, ॲसिडलाही दाद न देणारा हा कसला गंज, असा प्रश्न शहाण्या माणसाला पडायला नको? आणि पाणसळ लावल्यासारखा इतका सरळ डाग कधी पडतो का? अहो, माझा जन्म सरळ रेषा आखण्यात गेला! पण मी इरेला पेटलो होतो.

टर्पेंटाइनमध्ये फडकं भिजवलं, सोबतीला पॉलिशपेपर घेतला, आणि सुटला एकदाचा. फडकं लालभडक, टब पांढराशुभ्र. बायकोला फोटो पाठवणार होतो. मग म्हटलं, येऊन डोळ्यांनीच पाहू दे.

बाबा परत आले. दुसऱ्या सकाळी नेहमीसारखे न्हाणीघरात गेले आणि बाहेर येईनात. चहा निवला. मी शाबासकी घ्यायला म्हणून आत गेलो. बाबा वाकून टबाच्या कडेनं बोट फिरवत होते. पुन्हा पुन्हा, वर, खाली.

"पट्टा कुठी गेला?"

"काढला म्या. गंज होता, बाबा."

बाबा टबाच्या काठावर बसले. "गंज नोयता तो. तुह्या मायनं काढला व्हता. पोयाच्या दिवशी बैलाच्या शिंगाचा रंग उरला व्हता, त्याचा."

मग वर्षभर बोलले नव्हते तेवढं बोलले. पट्ट्याच्या वरचं पाणी धुण्याभांड्याला. पट्ट्याखाली गेलं की हात लावायचा नाही, ते पुढचा नळ येईपर्यंत स्वयंपाकाला. तो आईचा कायदा होता. अलीकडे बाबांना नीट दिसत नाही, पण रंगाचा जाड थर बोटाला लागायचा. "बोट लागलं की वाटे, तुही माय घरातच हाय," ते म्हणाले.

मला तिथंच रडू आलं. म्हटलं, बाबा, परत काढून देतो. मोजायचा टेप आणला. बाबांनी तो बाजूला सारला. तळापासून एक वीत आणि चार बोटं, आईनं तसंच मोजलं होतं. मी टबात उतरलो आणि पंजा ताणून वीत धरली.

"तुही वीत मोठी होते," बाबा म्हणाले. त्यांनी माझा अंगठा आणि करंगळी धरून हळूहळू जवळ आणली. अजून थोडी. मग थांबले. "एवढी. एवढा हात व्हता तिचा."

रंगाचा डबा आणून मी रेघ मारायला बसलो. नोकरीभर लोकांच्या वावरांचे धुरे-बांध आखले, पण त्या दिवशी डोळ्यांपुढे रेघच दिसेना. वाळल्यावर बाबांनी बोट फिरवलं, चहाला येऊन बसले आणि साखर कमी हाय म्हणाले.

पुढच्या महिन्यात बायको आली. बाळ माझ्या हातात देऊन आधी न्हाणीघरात शिरली. बाबा कप तोंडाशी धरून थांबले.

आतून आवाज आला, "काय केलं हो तुमी? पयले डाग सरळ त व्हता! घासू घासू वाकडा करून ठेवला!"

बाबांच्या हातातला चहा बशीत सांडला. आई गेल्यापासून ते पहिल्यांदा हसत होते. मी "लय चिवट हाय तो, निघत नाही," म्हणालो.

आता घरी कोणी पाहुणा आला की बायको त्याला न्हाणीघरात नेऊन माझं काम दाखवते.