वन्संनी निवडलेला आवाज

आमच्या घरात माझ्या आवाजात बोलणाऱ्या दोघी आहेत. एक मी आणि दुसरी माझी नणंद. आमचे हे बाहेरून फोन करतात आणि आधी विचारतात, "नक्की कोण बोलतंय?" मग दोघींचीही बोलणी खातात. खाऊ देत. बहीण त्यांची, बायकोही त्यांचीच.

नणंद माझ्याहून लहान. लग्न होऊन आले तेव्हा चेष्टेनं तिला 'वन्सं' म्हणाले, अहोजाहो केलं, आणि ते कायमचं चिकटलं. वन्संचे हातपाय जन्मापासून त्यांच्या ताब्यात नाहीत. चाकांच्या खुर्चीत बसतात, हात थरथरतात, तोंडातून शब्द फुटत नाही. डोकं मात्र असं, की कुणी शहाणपणा शिकवायला आला तर त्याची खैर नाही. पुस्तकांचा फडशा पाडतात. आणि हट्टीपणात त्यांचा हात धरणारं आमच्या घरात कुणी नाही. हे मी म्हणतेय, म्हणजे बघा.

इतकी वर्षं आमचं बोलणं अक्षरांच्या पाटीवर चालायचं. त्या बोटाच्या पेरानं एकेक अक्षर दाखवायच्या आणि पुढचं मी ओळखायचे. 'च' दाखवला की मी म्हणायचे, "चहा, साखर कमी, लगेच हवा." डॉक्टर काही विचारोत, दुकानदार विचारो, वन्संचं बोट पाटीवर पोचायच्या आत माझं उत्तर देऊन झालेलं असायचं. एखाद्या वेळी चुकायचं. मग त्या असे डोळे वटारायच्या की बोलायची सोय नाही.

मग बोलणारा टॅब आला. खुर्चीच्या हाताला घट्ट बसवलेला, वर भोकंभोकं असलेली प्लास्टिकची पट्टी, म्हणजे थरथरतं बोट बरोबर एकाच अक्षरावर पडावं. लिहिलं की तो मोठ्यानं बोलतो. नेहमी लागणारी वाक्यं आधी लिहून ठेवली तर एका बटणावर निघतात. त्यात आवाज होता तो कुणा गोड मुलीचा. इतका गोड, की "मला राग आलाय" म्हटलं तरी वाटावं, आता ही गाणं म्हणणार.

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या वाचनालयात अभ्यासिका सांभाळायला माणूस हवं असल्याचं कळलं. वन्संनी आम्हाला न विचारता अर्ज धाडला. व्यवस्थापकांनी बोलावलं आणि स्पष्ट सांगितलं, "पुस्तकांचं काम कमी, पोरांना गप्प बसवायचं काम जास्त. थोडे दिवस करून बघा."

पहिल्याच दिवशी माझ्यादेखत फजिती. मागच्या बाकावर चौघांच्या गप्पा रंगल्या होत्या. वन्संनी बटण दाबलं आणि गोड मुलगी म्हणाली, "कृपया शांत राहा." चौघं हसली. एकानं तर तस्संच लाडात बोलून दाखवलं. माझा तिळपापड झाला. व्यवस्थापक वाईट माणूस नव्हते, पण म्हणाले, "या आवाजाला कोण भीक घालणार? पुढच्या सोमवारपर्यंत येत राहा, मग बघू. नाही जमलं तर मला दुसरं कुणीतरी शोधावं लागेल."

घरी येऊन वन्सं जेवल्या नाहीत. ही त्यांच्या आयुष्यातली पहिली नोकरी होती. बऱ्याच वेळानं त्यांनी लिहिलं, आणि त्या गोड आवाजात टॅब म्हणाला, "वहिनी, मला तुझा आवाज दे. या घरात सगळे त्यालाच घाबरतात."

"दोन-दोन?" आमचे हे ताटावरून उठलेच. "मग मी राहू कुठे?"

मी हसले, पण खरं सांगते, आजवर माझा आवाज कुणी मागून घेतला नव्हता. खाली करायलाच सांगितला होता.

टॅब वापरायला शिकवणाऱ्या केंद्रातल्या ताई वन्संच्या टॅबचं सगळं बघायच्या. त्या म्हणाल्या, वाक्यांचा ढीग वाचावा लागेल, त्यावरून यंत्र आवाज उचलेल. मी नवी साडी नेसून गेले. गादी लावलेल्या खोलीत बसवलं, समोर माइक. मी आपली घसा साफ करून शांतपणे, समजूतदारपणे, पाहुण्यांसमोर बोलते तशी वाचत सुटले. ताई खूश. वन्संनी थोडं ऐकलं आणि मान हलवली. नाही. पुन्हा वाचलं. पुन्हा नाही.

"अहो, घसा बसला माझा! आणखी काय हवंय?"

वन्संनी लिहिलं, "ही कोण बाई आहे? मला घरातली हवी."

आता राग काय सांगून येतो? शेवटी मीच ह्यांना बोलावून समोर बसवलं. त्यांनी निमूटपणे कबूल केलं की गॅसचा नंबर लावायला ते पुन्हा विसरले, आणि माझी चांगली छत्री कुठेतरी ठेवून आले, कुठे ते आठवत नाही. झालं! "खिडकी उघडी आहे", "आज हवा छान आहे" अशी साधी वाक्यंसुद्धा मी अशी वाचली की ताईंनी खुर्ची मागे ओढली. वन्सं खुर्चीत उसळून उसळून हसत होत्या. हवा होता तो आवाज मिळाला होता.

सोमवारी मी त्यांना घेऊन गेले. तीच चौघं, तोच बाक. वन्संनी वाट पाहिली, गप्पा चढू दिल्या, मग बटण दाबलं. "मागचा बाक! तोंड बंद, नाहीतर दार तिकडे आहे." सगळी खोली चिडीचूप. एकाच्या हातातलं पेन खाली पडलं, ते उचलायचीसुद्धा त्याची छाती झाली नाही.

व्यवस्थापक दाराशी उभे होते. खूश दिसले. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "काय हो, ह्यांना रोज झेपेल का पण?"

"झेपेल की! मी आहे ना, मी रोज..."

"वहिनी, गप्प बस. त्यांनी मला विचारायला हवं."

माझाच आवाज. आणि मग लक्षात आलं, एवढं लांब वाक्य इतक्या पटकन लिहून होणं शक्यच नव्हतं. ते घरूनच तयार करून आणलं होतं बाईसाहेबांनी, एका बटणावर.

व्यवस्थापक चपापले. टेबलाजवळ गेले आणि वन्संना विचारलं, "झेपेल?"

बोट हळूहळू भोकांवरून फिरायला लागलं. पहिल्या अक्षराला अख्खं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. जीभ चावली. ते थांबले, मीही थांबले. फार वेळ लागला.

"झेपेल," टॅब म्हणाला. "पण टेबल उंच करा. खुर्ची खाली जात नाही, दिवसभर मान दुखते."

हे मला कधीच ओळखता आलं नसतं. ती मान रोज मीच शेकत होते, तरीही.

व्यवस्थापक वाकून टेबलाचे पाय बघायला लागले. "किती उंच?" त्यांनी विचारलं, वन्संकडे बघून. मी माझी पिशवी उचलली आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले.