विमलमावशींची सुजाता

विमलमावशींवर अन्याय झाला तो गेल्या मार्चच्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी साडेदहा वाजता, ऑकलंडजवळच्या वायकाटो नदीवरच्या एका लाकडी धक्क्याशी. धक्का सांभाळणाऱ्या समितीचा तपासनीस त्यांच्या नावेत उतरला, इंजिनाकडे बघितलं आणि किल्ली कुठे आहे म्हणून विचारलं. मावशी म्हणाल्या, याला किल्ली नसते, आधी डोकं तापवावं लागतं, पंधरा मिनिटं बसा, चहा टाकते. तो बसला नाही. मावशी ब्लोलँप पेटवून इंजिनाच्या डोक्यावर जाळ धरून उभ्या होत्या, आणि हा गृहस्थ गाडी काढून निघून गेला. पुढच्या आठवड्यात पत्र आलं: इंजिन बंद, नाव बेवारस, हिवाळ्याआधी, म्हणजे इथल्या जूनआधी, हलवा.

बेवारस म्हणे. त्या नावेचं पितळ रोज पुसलं जात होतं. आमच्यापैकी किती जणांच्या म्हाताऱ्या आईबापांची इतकी विचारपूस होते, हे मी पुढे सांगणारच आहे.

मावशी मूळच्या नागपूरच्या. ऑकलंडच्या एका इस्पितळात वर्षानुवर्षं नर्स, राहायला पापाकुरात. फोन उचलला की माओरींचा नमस्कार आणि आपला जोडून, "किया ओरा, जय भीम" एका दमात. घराजवळच्या डेअरीच्या, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या, काचेवर त्यांना एक चिठ्ठी दिसली: नाव विकणे आहे. इंग्लंडातल्या कालव्यांवर असतात तशी ती नाव, लांबीला बसपेक्षा मोठी आणि रुंदीला इतकी कमी की मधे उभं राहून हात पसरले की दोन्ही भिंती लागतात. गावाची आठवण येते म्हणून एका म्हाताऱ्या इंग्रजाने ती इथे स्वतः बांधली होती आणि तिच्यात कुठल्याशा बंद पडलेल्या लोणी-कारखान्यातलं, त्याच्या बापाच्या वयाचं इंजिन बसवलं होतं. तो गेला. त्याच्या मुलीला नाव नको होती. मावशींना हवी होती. त्यांनी तिच्यावर देवनागरीत नवं नाव रंगवलं, 'सुजाता'.

सँडरिंगहॅमच्या मिठाईच्या दुकानात यावर आपल्या लोकांनी महिनाभर तोंडसुख घेतलं. बाईने दुसरं घर घ्यायचं सोडून गंजका डबा घेतला, म्हणे. मावशींच्या कानावर ते गेलं. जिलबी तोलून घेता घेता त्या बोलणाऱ्याला म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या घरात चार बाथरूम हायेत. माह्या नावेत नदी हाय."

नावेवर त्यांचा कारभार वॉर्डासारखा चालायचा. इस्पितळात पाळी बदलताना एक नर्स दुसरीला पेशंटची हालत तोंडी सांगते, तशी इंजिनाची हालत सांगितल्याशिवाय धक्क्यावर पाय ठेवायचा नाही, हा नियम. ऐकणाऱ्याने ती परत म्हणून दाखवायची. थंड करणारं पाणी नावेच्या कुशीतून बाहेर पडतं, त्याला त्या लघवी म्हणायच्या. ती साफ आणि धारेत असली पाहिजे. थेंब थेंब आली तर इंजिन लगेच बंद. मला पहिल्यांदा हसू आलं तेव्हा म्हणाल्या, "हसू नको. माणूस असो का लोखंड, आत काय चाललंय ते तिथूनच कळते."

दुसरा नियम चाकाचा. इंजिन सुरू करायचं ते त्याचं जड चाक हाताने झुलवून. चाकातली मूठ धरताना अंगठा इतर बोटांच्या बाजूला ठेवायचा आणि झटका बसला की सोडून द्यायची. हातात अंगठी नको, बांगडी नको, घड्याळ नको. देवाची, नवसाची, साखरपुड्याची, कुठलीच चालणार नाही. "इंजिनाला तुमचे सणवार कळत नाहीत," एवढंच उत्तर.

आणि या नावेवर यायचे कोण? फ्लॅट बुश या उपनगरातल्या मोठमोठ्या घरांतले म्हातारे. मुलगा-सून मोटरवेवर, नातवंडं शाळेत, आणि संध्याकाळी ती इंग्रजीतच उत्तर देणार. बस लांब, गाडी चालवता येत नाही. हे लोक दिवसभर पडदा सरकवून रिकाम्या रस्त्याकडे बघत बसतात आणि आपण भारतात फोटो पाठवतो, आईबाबा मजेत आहेत. माझे बाबा त्यातलेच. आई गेल्यावर दादाने त्यांना भुसावळहून इथे आणलं. सहा महिन्यांत त्यांचं बोलणं "हो", "नको" आणि "झोपतो" एवढ्यावर आलं होतं.

मावशी दर रविवारी अशा चार-पाच जणांना गोळा करून नदीवर न्यायच्या. पण पाहुणा म्हणून कुणालाच बसू द्यायच्या नाहीत. एकाला तेलाची बुधली, एकीला पितळ, एकाला दोर. बाबांच्या हातात पहिल्याच दिवशी सुकाणू दिलं. बाबांनी नाव सरळ काठावरच्या विलोच्या झाडांत घातली. मावशी केसातली पानं काढत म्हणाल्या, "छान. आता झाडं कुठं हायेत ते समजलं." बाबा हसले. आई गेल्यानंतर मी ते पहिल्यांदा ऐकलं. म्हणून सांगते, नाव हलवायचं ते पत्र नुसतं नावेला आलेलं नव्हतं.

मी भाडेकरूंच्या हक्कांसाठी पत्रकं लिहिते. समितीचं पत्र आलं त्याच रात्री एक लिहिलं: वंशभेद, वृद्धांची हेळसांड, समितीची मुजोरी, सगळं ठासून. फलकही रंगवले. मावशींनी चष्मा लावून पत्रक शेवटपर्यंत वाचलं.

"काहून इतकी ओरडून राहिली गं, पत्रकवाले? राग छान लिहिला. पण त्या माणसानं करायचं काय, ते कुठं हाय?"

मी म्हटलं, माफी मागायची.

"माफीनं चाक फिरते का? लिही: परत या आणि पंधरा मिनिटं थांबा. बस."

तेवढंच छापलं. विहारात वाटलं, सँडरिंगहॅमच्या दुकानांत ठेवलं, धक्क्यावरच्या इतर नावांच्या मालकांना दिलं. त्यांतल्या बऱ्याच जणांनी समितीला स्वतःहून फोन केले. समितीबद्दलचं माझं मत अजून वाईटच आहे, पण तपासनीस परत आला. या वेळी बसला आणि चहाही घेतला.

अडचण वेगळीच निघाली. जन्मभर पेशंट उचलून मावशींचा खांदा आधीच दुखरा होता, त्या दिवशी तो पुरता अडला. इंजिनाचं डोकं तापून लाल झालं, मावशींनी चाकाची मूठ धरली, पण हात वर जाईना. दोनदा करून बघितलं. तपासनीस घड्याळाकडे बघू लागला. मी पुढे झाले, तर बाबा माझ्या आधी उठले होते.

"अंगठी, भाऊ," मावशी म्हणाल्या.

आईने लग्नात घातलेली अंगठी. आई गेल्यावरही ती बोटातून निघाली नव्हती. ती काढायचा विषय घरात कुणी काढत नसे. मला वाटलं, आजच्यापुरतं मावशी चालवून घेतील. त्यांनी चालवून घेतलं नाही. नुसत्या उभ्या राहिल्या, जशा पेशंटने गोळी गिळेपर्यंत उभ्या राहत असतील. बाबांनी बोटाला तेल लावलं, अंगठी फिरवत फिरवत काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. मग चाक झुलवलं. एकदा, काही नाही. दुसऱ्यांदा धाडकन झटका बसला आणि इंजिन चालू झालं, पण उलटं. ही जुनी इंजिनं तसं करतात. नाव मागे सरकून धक्क्यावर आपटली आणि तपासनिसाचा चहा त्याच्या मांडीवर. मावशींनी शांतपणे तेल तोडलं, चाक थांबत आलं तसं तेल परत सोडलं, आणि इंजिन सरळ टुक टुक करू लागलं. बाबा नावेच्या कुशीवरून वाकून ओरडले, "ताई, लघवी साफ."

धक्क्यावरची जागा राहिली. एका अटीवर: मावशींशिवाय इंजिन चालू करू शकणारी तीन माणसं असली पाहिजेत. अट मला आवडली नाही. मावशींना आवडली. त्यांना पर्थला लेकीकडे कायमचं राहायला जायचं होतं, हे त्यांनी तोवर कुणाला सांगितलं नव्हतं.

जूनमधल्या एका सकाळी, नदीवर धुकं असताना, त्यांनी धक्क्यावर उभं राहून शेवटची पाळी दिली. "रात्र शांत गेली. तेल प्याली. लघवी साफ. डाव्या कुशीवर कण्हते, दुखणं नाही, सवय हाय. आता तुमची."

बाबांनी शब्दन् शब्द परत म्हणून दाखवला. मावशींनी मान हलवली आणि मागे न बघता गाडीत बसल्या.

अंगठी आता रविवारी माझ्या खिशात असते आणि बाकीचे दिवस बाबांच्या बोटात. ते धक्क्यावर निघताना दादाला बजावून सांगतात, जेवायला माझी वाट बघू नका.

तिघांपैकी एक बाबा, दुसरी मी. तिसरं माणूस अजून नाही, आणि समितीने दिलेली मुदत उन्हाळ्याबरोबर संपते. हे वाचून तुम्ही हळहळला असाल तर त्याचा सुजाताला काही उपयोग नाही. या रविवारी सकाळी धक्क्यावर या. घरात पडद्याआड कुणी बसलं असेल तर त्यांनाही आणा. अंगठ्या घरी काढून ठेवा.