पिशव्यांची पिशवी

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत कचरा गोळा करणाऱ्या रत्नप्रभाबाईंबद्दल एक आवई आहे. त्यांना म्हणे कचऱ्यात सोन्याची चेन सापडली, आणि तेव्हापासून त्या एकूण एक पिशवीची गाठ सोडून आत हात घालून बघतात. पाचव्या मजल्यावरचे नंदकुमारकाका लिफ्टमध्ये ही गोष्ट सांगतात, तेव्हा ती चेन तळमजल्यावर दोन तोळ्यांची असते आणि पाचवा मजला येईस्तोवर साडेतीन तोळ्यांची होते.

खरं सांगायचं तर सापडली होती ती कवळी. खालची. खुद्द नंदकुमारकाकांची. बाईंनी ती नळाखाली धुतली, कागदात बांधून काकूंच्या हातात दिली आणि कुणाला अवाक्षर बोलल्या नाहीत. बोलल्या त्या काकूच.

गाठी बाई सोडतात त्या गाडीसाठी. कचऱ्याची गाडी पावणेनऊला येते, आणि ओला-सुका एकत्र दिसला तर गाडीवाला ड्रमला हात लावत नाही. आमची चोवीस घरं रात्री दाराबाहेर पिशवी ठेवून झोपतात. तीच ती भाजीवाल्याकडची पातळ पिशवी, जिच्यावर बंदी आहे हे भाजीवाल्यालाही ठाऊक आहे आणि आपल्यालाही. बाई भांडुपहून सहाला येतात, पाच मजले चढतात, उतरतात, गेटजवळच्या कट्ट्यावर बसतात आणि एकेक गाठ सोडत जातात. सोळा वर्षं झाली.

गाठीवरून त्यांना घर कळतं. सेक्रेटरी हर्षदभाईंची गाठ सशाच्या कानांसारखी, एक कान ओढला की मोकळी. तिसऱ्या मजल्यावरच्या सपनावहिनी तीन पीळ देतात, कारण त्यांना वास सहन होत नाही. नंदकुमारकाका गोदीत नोकरीला होते, त्यांच्या गाठीने आजही जहाज बांधून ठेवता येईल. फाडून टाका की सरळ, असं सगळेच सांगतात. फाडली की आमटी पायावर येते. एकदा आमटीबरोबर फुटलेल्या बरणीची काचही आली होती. तळव्यावर वण आहे, बघायला मिळतो.

गेल्या वर्षी उजव्या हाताचा अंगठा अडकायला लागला. वाकला की वाकलेलाच राहायचा, मग दुसऱ्या हाताने ओढला की टक् करून सुटायचा. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आराम सांगितला. हा शब्द बाईंनी घरी जाऊन नवऱ्याला ऐकवला. मिल बंद पडली तेव्हा त्यांचे सासरे घरी बसले होते, पुढे नवरा बसला तो निराळ्या कारणाने, पण बैठक तीच. त्यामुळे घरात आरामाची कमतरता नव्हती, फक्त तो बाईंच्या वाट्याला येत नव्हता.

मग एका आठवड्यात दोनदा गाडी निघून गेली. अर्ध्या गाठी बाकी होत्या. ड्रम दिवसभर गेटशी घमघमला, तक्रार गेली, आणि ठेकेदाराने बाईंना सांगितलं की या महिन्यात सुधारलं नाही तर एक तारखेपासून दुसरी बाई. महिना संपायला नऊ दिवस होते.

बाई दारोदार फिरल्या. पिशवी नको, गाठ नको, बादलीत तळाला पेपर घाला, वर झाकण ठेवा, बादली बाहेर ठेवा, मी ओतून घेईन. सगळे हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी चोवीस पिशव्या, चोवीस गाठी. हर्षदभाईंनी मोठ्या मनाने सूचना काढली. "हे बघा ना, आपण लेखी देऊ, लेखीचं वजन असते ना," असं म्हणत त्यांनी ती बोर्डावर लावली. भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पाकिटात घालून.

नंदकुमारकाकांचं म्हणणं होतं की उघडी बादली ठेवली तर आपण काय खाल्लं ते मजल्याला कळेल. सपनावहिनी म्हणाल्या, "अहो, पेपर ओला होतो ना, तळाला चिकटतो, मग ती बादली कोण घासणार, मी?" बाईंनी दोघांचं ऐकून घेतलं. त्या वाद घालत नाहीत, दमतात. दमून वहिनींच्या उंबऱ्यापाशी खाली बसल्या, तेव्हा त्यांना स्वयंपाकघराचं दार दिसलं. दारामागे खिळ्याला एक पिशवी लटकत होती. आत पिशव्या. घडी घातलेल्या, चुरगळलेल्या, दाबून दाबून भरलेल्या, इतक्या की दार पुरतं उघडत नव्हतं.

ती पिशव्यांची पिशवी प्रत्येक घरात असते. कुठे सिंकखाली, कुठे फ्रिजच्या बाजूला. बाईंच्या लक्षात आलं की जोवर ती टांगलेली आहे, तोवर पेपर बिपर सगळं बोलण्यापुरतं. ती आहे म्हणून कचरा तिच्यातल्या पिशवीत जातो, आणि कचऱ्याला लागते म्हणून बाजारातून रोज नवी येते. कापडी पिशवी कपाटात इस्त्रीची वाट बघत पडते.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कचऱ्याबद्दल बोलणंच सोडलं. दार उघडलं की एवढंच म्हणायच्या, "वयनी, पिशव्यांची पिशवी द्या."

जणू मंगळसूत्र मागितलं. "अहो, लागतात हो कधी." "पाहुण्यांना डबा द्यायला." "पावसात मोबाइल गुंडाळायला." सपनावहिनींनी अर्धी दिली आणि उरलेली अर्धी माळ्यावर टाकली, हे त्यांनी स्वतःच मला हसत हसत सांगितलं. चार दिवसांत बाईंकडे सहा घरांच्या पिशव्या जमल्या. त्या घरांतल्या बादल्या बिनागाठीच्या आल्या, बाकी अठरा गाठी तशाच.

पाचव्या दिवशी मी त्यांना कट्ट्यावर गाठलं. अंगठा मुठीत धरून बसल्या होत्या. मी म्हटलं, बाई, सोडा नाद, हे लोक देणार नाहीत. माझी आई तर नाहीच नाही. ती लग्नातल्या साडीची पिशवीसुद्धा जपून ठेवते. पैज लावा हवी तर. बाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"हरलंस तर महिनाभर तुमची बादली तू ठेवायची. रोज. आवशीन नाय, तू."

मी हसून हो म्हटलं.

त्या तशाच उठल्या आणि आमच्या दारात आल्या. हातात आमचीच रात्रीची पिशवी होती, न सोडलेली. आई दात घासत आली. पिशव्यांची पिशवी हा शब्द निघायच्या आत तिने मान हलवली, तोंडात फेस असताना जेवढं ठाम हलवता येतं तेवढं ठाम.

बाईंनी पिशवी फरशीवर ठेवली. "देऊ नका. ही गाठ तेवढी सोडा. अंगठो मुडपून."

आई चूळ भरून आली, अंगठा तळहातात मुडपला आणि खाली बसली. आधी हसत होती. चार बोटं गाठीवरून घसरायची, प्लास्टिक ताणायचं, पीळ आणखी आवळायचा. मधेच अंगठा आपोआप पुढे यायचा, की बाई म्हणायच्या, "नाय नाय, आत." आईचं हसू गेलं. घाम आला. कुकरची शिट्टी झाली तरी ती उठली नाही. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी तिने हात सोडला. गाठ जशीच्या तशी.

"आता अशी सतरा आणखी," बाई म्हणाल्या. भिंतीला पाठ टेकून त्यांनी डोळे मिटले होते.

आई आत गेली. सिंकखालून सगळं ओढून आणलं, लग्नातल्या साडीची पिशवी धरून. मग ती स्वतःच बाईंच्या मागोमाग जिना चढली, आणि प्रत्येक दारात शेजारणीला अंगठा मुडपायला लावायचं काम तिने आपल्याकडे घेतलं. नंदकुमारकाकांची गाठ त्यांना स्वतःलाच सोडायला लावली. काकूंनी आतून आधीच पिशव्या आणून ठेवल्या होत्या.

तीस तारखेला गाडी आली तेव्हा ड्रम भरून उभे होते. गाठी तीन होत्या, त्यातली एक हर्षदभाईंची, म्हणजे जवळजवळ नव्हतीच. बाई कट्ट्यावर चहा पीत होत्या. त्यांनी कप डाव्या हातात धरला होता. ठेकेदाराचा माणूस ड्रम बघून निघून गेला. एक तारखेला बाईच आल्या.

बादली मी ठेवते. तळाला पेपर, वर झाकण, रोज. परवा विसरले तर सकाळी सहाला बेल वाजली. दारात बाई. आई झोपलीय का, असंही त्यांनी विचारलं नाही. माझ्याकडे बघून नुसता हात पुढे केला.

आज सतरावा दिवस आहे.